गेम विकीवर नवख्याचा बदल उलटवला तर बिघडलं कुठे?

फोंडेकर:
ग्रुपात यावरून धुमशान चाललंय, म्हणून इथे सविस्तर मांडतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक कॉलेजातला पोरगा आपल्याबरोबर खेळतो. खेळात एक राक्षस आहे, तो मेला की अंगठी पडण्याची शक्यता विकीवर, म्हणजे खेळाडूंनीच मिळून लिहिलेल्या माहितीच्या साइटवर, ५१२त १ अशी दिलीय. पोराने ५०० राक्षस मारले, त्याला ३ अंगठ्या मिळाल्या. ५०० भागिले ३, म्हणजे साधारण १६७. त्याने पानावर जाऊन ५१२ पुसलं आणि १६७ लिहिलं. अर्ध्या तासात कुणीतरी बदल उलटवला, म्हणजे जुना आकडा परत आणला. बदलासोबतचा शेरा एका शब्दाचा, 'अनसोर्स्ड', म्हणजे पुरावा दिलेला नाही. पोरगा वैतागला, परत या विकीला हात लावणार नाही म्हणाला, आणि अर्धा ग्रुप उलटवणाऱ्यावर तुटून पडला.

मला उलटवणाऱ्याचंच पटतं. शक्यता खरोखर ५१२त १ असली, तरी ५०० राक्षस मारणाऱ्या शंभर जणांपैकी सात-आठ जणांना तीन किंवा जास्त अंगठ्या नुसत्या नशिबाने मिळतात. त्याच शंभरातल्या सदतीस-अडतीस जणांना एकही मिळत नाही. हे सरळ गणित आहे, यात कुणाचा अपमान नाही. आता मला सांगा, पान बदलायला धावतो कोण? ज्याला तीन मिळाल्या तो, आणि एकही न मिळाल्याने ज्याचं डोकं फिरलंय तो. ज्याला एक मिळाली तो ती बोटात घालतो आणि पुढच्या राक्षसाकडे जातो. दार सताड उघडं ठेवलंत तर पानावर दोन टोकांचेच आकडे येणार.

म्हणून माझं म्हणणं: आकड्यांच्या पानांवर नवख्याचा बदल कुणीतरी तपासल्यावरच लोकांना दिसावा. जर्मन विकिपीडियावर २००८ पासून अशी तपासणी आहे. पोर्तुगीज विकिपीडियाने तर २०२० मध्ये खातं नसलेल्यांना लेख बदलायलाच बंदी केली. (पोर्तुगीजांचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात, पण हे त्यांनी बरं केलं.)

पात्रांव_म्हापसा:
गणित मान्य, निष्कर्ष साफ अमान्य.

विकिपीडियाचे दाखले इथे कशाला आणतोस? विश्वकोशातलं पेडणे तालुक्याचं पान आठवडाभर उशिरा सुधारलं म्हणून कुणाचं काय अडतं? ओल्ड स्कूल रूनस्केपला बहुतेक बुधवारी अपडेट येतो. त्या खेळाच्या आतच विकीचं बटण दिलेलं आहे, लोक खेळता खेळता तिथून पानावर येतात. काय नवीन आलं, कुठल्या वस्तूची ताकद कमी झाली, हे त्यांना त्याच संध्याकाळी हवं असतं. ते भरतो कोण? पगार नसलेली माणसं. त्यांच्यातले कितीतरी जण पहिल्यांदा आले ते एखादं चुकलेलं स्पेलिंग सुधारायला. बदल लगेच दिसला, बरं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत आले. तो पहिला बदल 'तपासणीच्या प्रतीक्षेत' म्हणून पडून राहिला तर दुसरा येतच नाही. तपासणारे चार आणि रांगेत चारशे. सरकारी कचेरीत फाईल फिरते तसं होईल ते.

आणि तुझ्याच गोष्टीत बघ ना. चुकीचा आकडा आला, अर्ध्या तासात गेला. जुना मजकूर इतिहासात शाबूत होता, एका टिचकीत परत आला. व्यवस्था चालली की रे! वर आणखी कुलूप कित्याक?

फोंडेकर:
ते पान गर्दीचं होतं म्हणून अर्धा तास. ज्या पानाकडे कुणाची गस्त नसते, तिथे चुकीचा आकडा महिनोन्‌महिने बसून राहतो. मधल्या काळात एखादा यूट्यूबवाला तो उचलतो, मग दुसरा कुणीतरी त्याच व्हिडिओचा पुरावा देऊन विकीवरचा आकडा 'पक्का' करतो. हे चक्र एकदा फिरलं की खरं काय ते शोधून काढणं महाकठीण.

कुळागरवाली:
तुम्ही दोघे कुलपावरून भांडताय आणि पोराला विसरलात. बदल उलटवायलाच हवा होता, त्यात वाद नाही. पण शेरा? तो मराठी शाळेतून आलेला. इंग्रजी विकीवर 'अनसोर्स्ड' वाचून त्याचा समज झाला की आपल्याला खोटारडा म्हणतायत. त्याने तर ५०० वेळा मोजलं होतं, आणखी कसला सोर्स द्यायचा?

मी एका खेळाच्या विकीवर वस्तूंची पानं सांभाळते, बरीच वर्षं झाली. असा बदल आला की मी उलटवते, पण शेऱ्यात दोन ओळी घालते आणि त्याच्या चर्चा पानावर जाऊन लिहिते: तुझी मोजणी फुकट गेलेली नाही, ती मुख्य पानावर न टाकता नोंदींच्या पानावर टाक, तिथे सगळ्यांच्या मोजण्या एकत्र होतात. मग काय काय टिपायचं ते सांगते. एकूण किती मारले, त्यात किती मिळाल्या. खेळाची कुठली आवृत्ती. नशीब वाढवणारी एखादी वस्तू अंगावर होती का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती मारायचे ते आधी ठरवायचं. अंगठी पडली की तिथेच मोजणं थांबवायची खोड सगळ्यांना असते, त्याने शक्यता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ५०० ठरवले तर ५००, मग चौथ्यालाच अंगठी पडो नाहीतर एकही न पडो.

असं सांगितलेल्यांपैकी सगळे विकीवर टिकतात असं नाही. काही टिकतात, आणि ते मग फार कामाचे निघतात.

आकडेमोड:
ताईंच्या म्हणण्यात एक भर. ५०० मध्ये ३ यावरून १६७त १ असं म्हणता येतच नाही. एवढ्या तुटपुंज्या मोजणीवरून फार तर इतकंच म्हणता येतं की खरी शक्यता ढोबळमानाने ६०त १ आणि ८००त १ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. ५१२ त्यात आरामात बसतं. म्हणजे पोराच्या मोजणीने विकीचा आकडा खोडलेला नाहीच. हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो चिडला नसता, उलट आणखी हजार मारायला बसला असता. या वयात वेळ असतो.

पात्रांव_म्हापसा:
अगदी हेच! ताई सांगतात ते सगळं उघड्या विकीवर होतं. बदल दिसला, उलटवला, बोलणं झालं, माणूस टिकला. फोंडेकरांच्या रांगेत ताईंचा वेळ मंजुऱ्या देण्यातच जाईल, चर्चा पानावर लिहायला उरणार नाही.

फोंडेकर:
ताईंसारख्या किती आहेत? नियम ताईंना बघून करायचा नसतो, त्या नसतील त्या दिवसासाठी करायचा असतो.

कुळागरवाली:
मला मध्ये घालू नका. पण विचारलंतच तर सांगते, सरसकट तपासणी मला नकोच. गोष्टीचं पान, नकाशाचं पान, वर्णन, हे सगळं उघडं ठेवा. शक्यतेचा आकडा ज्या चौकटीत असतो तेवढीच चौकट बंद करा. तो आकडा वेगळ्या साच्यात (टेम्पलेटमध्ये) ठेवता येतो आणि तेवढ्याच साच्याला कुलूप लावता येतं. आमच्याकडे तसंच आहे.

जुना_गडी:
एवढा किस पाडताय, पण तो पोरगा कुठल्या विकीवर गेला होता हे एकाने तरी विचारलं का? कित्येक खेळांच्या दोन-दोन विक्या आहेत. रूनस्केपवाले २०१८ मध्ये फॅन्डम (विक्यांना जागा देणारी, जाहिरातींवर चालणारी कंपनी) सोडून स्वतःच्या जागेवर गेले. माइनक्राफ्टवाले २०२३ मध्ये गेले, लीग ऑफ लेजंड्सवाले २०२४ मध्ये. मजकुराचा परवाना मोकळा, म्हणून सगळं उचलून नेता येतं. पण त्याच परवान्यामुळे जुनी प्रत मागे तशीच राहते, फॅन्डम ती काढत नाही. लिहिणारे गेले तरी गूगलवर ती प्रत दिसतच राहते. मोबाईलवर शोधणारा वर दिसेल त्यावर बोट ठेवतो. जिथे नांदणारेच उरले नाहीत तिथे कुलूप लावा नाहीतर दार उघडं टाका, फरक शून्य.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर जाहिराती दाखवून कमावणाऱ्या कंपनीच्या जागेवर मी एक स्वल्पविरामही फुकट देणार नाही.

पात्रांव_म्हापसा:
जुन्या गड्या, मग सर्व्हरचं बिल कोण भरणार? स्वतःच्या जागेवर गेलेल्यांनाही कुणाचातरी आधार घ्यावा लागतोच. रूनस्केपच्या विकीला खेळ बनवणाऱ्या कंपनीची साथ होती, लीगच्या विकीला तो खेळ बनवणाऱ्या रायटची. उद्या खेळवाल्यांनी सांगितलं की हा दोष पानावर नोंदवू नका, तर? मला त्यापेक्षा जाहिरात परवडली.

जुना_गडी:
सांगितलं तर पुन्हा उचलून न्यायचं. वॉरक्राफ्टवाल्यांनी २०१० मध्ये एकदा विकी हलवली आणि २०२३ मध्ये परत हलवली. कंटाळवाणं काम आहे, पण होतं.

आकडेमोड:
विषय सोडून एक सुचवतो: आपणच मराठीत विकी काढली तर? सत्तरीतल्या पोरांना इंग्रजी शेऱ्यांची धास्ती उरणार नाही.

कुळागरवाली:
काढायला एक रविवार पुरतो. नंतर दर अपडेटला पानं कोण बदलणार? चवथीचे दिवस आले की आपल्यातला एक जण ऑनलाइन सापडत नाही. शिळी मराठी विकी ही जुना गडी म्हणतो त्या ओसाड विकीपेक्षा वेगळी कशी? त्यापेक्षा मोजणी कशी करायची, शेरा कसा लिहायचा, एवढं एक पान मराठीत करूया. ते अपडेटने शिळं होत नाही. मी लिहायला घेते, आकडेमोड, तू ते ६० ते ८००चं गणित सोप्या भाषेत दे.

फोंडेकर:
पान करा, मी वाचून देईन. तपासणीचं माझं मत मात्र तसूभरही हललेलं नाही. चौकटीपुरती का होईना, ताईंच्या विकीवर ती आहेच, हे पात्रांवने सोयीस्करपणे वगळलं.

पात्रांव_म्हापसा:
वगळलं नाही. एका चौकटीचं कुलूप मला चालतं, तुला अख्खा वाडा बंद करायचा होता. वरती वाच, तुझंच लिहिलेलं आहे. आणि त्या पोराला इथे बोलाव कोणीतरी, आपण त्याच्या पाठीमागे त्याचीच पंचाईत करतोय.

फोंडेकर:
बोलावलंय. म्हणतो आधी हजार पुरे करतो, मग येतो.