विषय: फलक ४, नाकेबंदीचं वाक्य (आज सातच्या आत कळवा)

चिटणीस:
सप्रेम नमस्कार. छापखान्यातून सकाळपासून फोन येताहेत. १९ डिसेंबरच्या, गोवा मुक्तिदिनाच्या प्रदर्शनाचे बाकी सगळे फलक गेले, चौथाच तेवढा अडकलाय. भारताने पोर्तुगीज गोव्याची जी नाकेबंदी केली तिच्यावर, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या संदर्भात, मसुद्यातलं वाक्य: "१९५५ च्या आर्थिक नाकेबंदीने सालाझारची राजवट खिळखिळी झाली." बैठकीत अप्पांनी हरकत घेतली, माईंनी ती मानली नाही, निर्णय राहिला तो राहिलाच. संध्याकाळचा परिसंवादही ह्याच विषयावर आहे, हुकूमशाही सरकारवर निर्बंध घालावेत की त्याच्याशी बोलावं. काय ते एकदा ठरवा.

अप्पा, फोंडा:
वाक्य काढा. राजवट खिळखिळी झालीच नाही. गोव्याला भारताशी जोडणारी कुळे–कॅसलरॉक रेल्वे बंद पडली, तर पाखल्यांनी (पोर्तुगिजांनी) हॉलंडहून बटाटे आणले, सिलोनचा चहा आणला, पाकिस्तानातून तांदूळ आणला. दाबोळीचा विमानतळ त्याच काळातला. मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जातच होतं, उलट वाढलं. समुद्र मोकळा ठेवून जमिनीवरची वाट अडवली, मग कोंडी झाली कोणाची? मुंबईत कुडात (गाववाल्यांच्या सामाईक खोल्यांत) राहून तारवावर, म्हणजे जहाजांवर कामाला जाणाऱ्यांच्या घरची. मुंबईहून येणारे पैसे थांबले. आमच्या वाड्यावर एका घरात त्या वर्षी चतुर्थीला माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधली, पण दुकानदाराने उधारी बंद केल्यामुळे नैवेद्याला गूळ नव्हता. खाणवाल्यांच्या घरी असं काही झालं नाही. हे लिहायचं सोडून आपण खिळखिळी कसलं लिहितो?

माई, मडगाव:
अप्पा, पैशांचं खरं आहे, पण मग करायचं काय होतं? बोलणी? १९५० मध्ये दिल्लीने रीतसर विचारलं होतं. लिस्बनचं उत्तर आलं की गोवा पोर्तुगालचाच आहे, चर्चेचा प्रश्नच येत नाही. १९५१ ला त्यांनी घटना बदलून वसाहतींना सागरापारचे प्रांत करून टाकलं. बोलायलाच कोणी नाही म्हणून १९५३ ला आपली लिस्बनची वकिलात बंद करावी लागली. आणि १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यानंतरही बटाटे पाठवत राहायचे?
दक्षिण आफ्रिकेशी व्यापार भारताने १९४६ मध्येच तोडला. वर्णद्वेषी राजवट जायला १९९४ उजाडलं. लगेच पडली नाही म्हणून तो निर्णय चुकला असं कोणी म्हणेल का? वाक्य सौम्य करा, नाकेबंदीला दोष देऊ नका.

वहिनी, म्हापसा:
बटाट्यांवरून आठवलं. सासूबाईंचं माहेर सावंतवाडी, सीमेपलीकडे भारतात. परवाना मिळेना, म्हणून दिराच्या मुंजीला आजोळचं कोणी येऊ शकलं नाही. त्यांची आई सीमेजवळच्या बांद्यापर्यंत आली, ओळखीच्या माणसाकडे लुगडं आणि खणाची चोळी दिली आणि तिथूनच परत गेली. सासूबाई ते लुगडं कधी नेसल्या नाहीत. फलकावर माणसांचं काहीतरी येऊ द्या.

मस्कतहून (माजी खजिनदार):
लांबून लिहितोय, पण इथे राहिल्यामुळे एक गोष्ट जवळून कळली. इराणवर कडक निर्बंध असतानाच २०१२-१३ मध्ये ओमानने अमेरिका आणि इराणची गुपचूप बोलणी घडवली. त्यातून २०१५ चा अणुकरार झाला. २०१८ ला अमेरिका बाहेर पडली आणि इराणच्या हाती करार पाळल्याचं काही फळ उरलं नाही. निर्बंध कशाने उठतील हे समोरच्याला स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि शब्द पाळला गेला पाहिजे. सालाझारपुढे अशी मधली पायरी नव्हतीच. गोवा सोडा, एवढंच. आणि पोर्तुगाल १९४९ पासून पाश्चात्त्यांच्या लष्करी आघाडीत, नाटोत, त्याला एकटं पडल्यासारखं वाटेल कशाला?

अप्पा, फोंडा:
इराण परिसंवादात मांडा. फलक गोव्याचा आहे.

फलक उपसमिती:
विनंती. मजकूर ठरवणं उपसमितीचं काम आहे, ते सभेने दिलंय. प्रत्येक ओळ ह्या पत्रयादीवर चर्चेला येऊ लागली तर पुढच्या वर्षी कोणी पुढे येणार नाही.
सहाव्या फलकाकडेही बघा. १९६१ च्या डिसेंबरात सैन्याने गोवा मोकळा केला, पण मुक्तिलढ्यातले मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. ते १९६९ च्या जानेवारीत सुटले. त्यासाठी सुधीर फडके यांनी पुढाकार घेतला आणि वर्षानुवर्षं खटपट झाली. तिथे रणगाडे चालणार नव्हते आणि नाकेबंदीही. तेव्हा संवादाला नावं ठेवणारं वाक्यही नको.

माई, मडगाव:
संवादाला मी नावं ठेवत नाही. पण लिस्बन बोलायला लागलं ते २५ एप्रिल १९७४ ला तिथली राजवट उलथल्यावर. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला तह करून त्यांनी गोवा भारताचा मानला. सालाझार असेपर्यंत त्याच्या सरकारशी गोव्यावर बोलणं म्हणजे बंद दाराशी बोलणं. हे तारखांसकट लिहा.

अप्पा, फोंडा:
हे मान्य. मग असं करा: "लिस्बनने १९५० पासून चर्चा नाकारली. १९५५ च्या नाकेबंदीची झळ गोव्यातल्या साध्या घरांना बसली, राजवट खनिजाच्या निर्यातीवर तगून राहिली." पैसे थांबल्याचा उल्लेख हवाच, त्यावर मी मागे हटणार नाही.

माई, मडगाव:
चालेल. "पत्रादेवीच्या गोळीबारानंतर" हे शब्द नाकेबंदीच्या आधी घाला. का केली ते कळलं पाहिजे.

चिटणीस:
एवढं बसत नाही. खाली रेल्वेचा नकाशा आहे, तो काढू का?

फलक उपसमिती:
नकाशा काढायचा नाही. तो लहान करतो आणि कुळे–कॅसलरॉक तुकडा लाल करतो. वहिनींच्या सासूबाईंची हकीकत घरच्यांची हरकत नसेल तर नाव न घालता नकाशाशेजारी दोन ओळींत येईल. वहिनी, साडेसहापर्यंत फोन करा, छापखाना सातला बंद होतो.