संख्येत साठवलेल्या वेळा (स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये): १० म्हणजे रात्रीचे दहा की बारा वाजून दहा मिनिटं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

झोपेवरच्या एका सर्वेक्षणाचा डेटा माझ्याकडे आलाय. झोपायची आणि उठायची वेळ असे दोन रकाने, दोन्हींत नुसत्या संख्या: २२३०, १०४५, ६१५, १०. कोलन कुठेच नाही, आणि सुरुवातीची शून्यं गळलेली. मूळ फॉर्म आता मिळणार नाहीत.

२२३० सोपं आहे. १०० ने भागलं की भागाकार म्हणजे तास, बाकी म्हणजे मिनिटं. बाकी ५९ च्या वर गेली तर नोंदच चुकीची. तशा बाजूला काढल्या. स्टाटा वेळ मिलिसेकंदांत मोजतं म्हणून रकाना डबल, म्हणजे जास्त अंक अचूक राखणाऱ्या प्रकारात, ठेवलाय. (आधी तारीख जोडून फ्लोटमध्ये, म्हणजे कमी अचूक प्रकारात, ठेवला होता, तर वेळा मिनिटभर इकडेतिकडे सरकत होत्या. कुणाला असं दिसत असेल तर पहिलं हे तपासा.) उठायची वेळ झोपायच्या वेळेपेक्षा लहान असेल तिथे १४४० मिनिटं मिळवली.

घोडं अडलंय ते पुढे. नोंदी करणाऱ्यांपैकी काहींनी २४ तासांचं घड्याळ धरलंय, काहींनी १२ तासांचं. त्यामुळे १०४५ सकाळचे की रात्रीचे? रात्रपाळी करणारेही यात आहेत, म्हणजे सरसकट रात्र धरता येत नाही. नोंद कुणी केली त्याचा क्रमांक आहे. ज्याच्या नोंदींत १२५९ च्या पुढचे आकडे येतात तो २४ तासांवाला, असं धरून बरंच सुटलं. पण नुसतं १० त्यानेही सुटत नाही. ते ००:१० असेल किंवा फक्त तास लिहिला असेल.

सहकारी म्हणतात, दोन्ही अर्थ लावून बघ, ज्याने झोप ४ ते १२ तासांत बसेल तो ठेव. मला हे अजिबात पटत नाही. झोप १०, उठणं ३३० अशी नोंद घ्या. ००:१० धरलं तर ३ तास २० मिनिटं, २२:०० धरलं तर साडेपाच तास. हा नियम दरवेळी साडेपाचच निवडणार. म्हणजे जे कमी झोपतात तेच पुसले जाणार, आणि आम्हाला शोधायचेत तेच!

अशा नोंदी मिसिंग (रिकाम्या) कराव्यात, की दोन्ही अर्थांनी वेगवेगळं विश्लेषण करून फरक दाखवावा? दोन शक्यतांपुरतं मल्टिपल इम्प्युटेशन (अज्ञात जागी संभाव्य किमती अनेकदा भरून निकाल एकत्र करणं) कुणी केलंय का? केलं असेल तर कमांड कशी रचली तेही सांगा.