मदत हवी आहे: माळातून जाणाऱ्या पक्क्या वाटेवर हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

मजकूर थोडा लांबला आहे, पण जाणकारांनी शेवटपर्यंत वाचून मार्गदर्शन करावं ही विनंती. हरकती-सूचना द्यायला १९ दिवस उरले आहेत.

आमच्या जवळच्या नैसर्गिक उद्यानात मधोमध गवताळ माळ आहे आणि त्याच्या पलीकडे उथळ तळं. गेली सहा वर्षं मी आठवड्यातून दोनदा तरी पहाटे तिथे जाते. आता तिथे १.२ किलोमीटर लांब आणि ३ मीटर रुंद काँक्रीटची वाट होणार आहे, सोबत बाकं आणि दिव्यांचे खांब. आखणी माळाच्या बरोबर मधून जाऊन तळ्याला वळसा घालते. या कामाच्या अहवालात पक्ष्यांबद्दल एकच ओळ आहे, की त्यांच्यावर लक्षणीय परिणाम होणार नाही. त्यासाठीची पाहणी दोन दिवसांत उरकली आणि तीसुद्धा विणीचा हंगाम संपून गेल्यावर. त्या दिवसांत माळावर एकही घरटं नसतं, मग सापडणार काय?

माळ रिकामा दिसतो, ही खरी अडचण आहे. झाड तोडायचं म्हटलं की चार माणसं धावून येतात, गवताबद्दल कुणी बोलत नाही. पण इथली टिटवी, चंडोल, रातवा हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. रातवा तर घरटंही करत नाही. पाचोळ्यावर दोन अंडी घालतो आणि त्यांच्यावर स्वतः पाचोळ्यासारखा बसून राहतो. टिटवीची अंडी बहुधा चार, खड्यांत मिसळून गेलेली. ती २८ ते ३० दिवस उबवावी लागतात, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी उबवणं म्हणजे खरं तर सावली धरणं असतं. नर-मादी आळीपाळीने पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी एक कुटुंब कुत्र्याला घेऊन घरट्यापासून वीसेक पावलांवर गप्पा मारत थांबलं. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत राहिली, मग पंख मोडल्याचं सोंग करून फरफटत लांब गेली. त्यांना वाटलं पक्षी जखमी आहे, म्हणून बिचारे आणखी थांबले. मी दूर होते. पोहोचून सांगेपर्यंत अंडी जवळजवळ चाळीस मिनिटं उन्हात उघडी होती. त्यातून एकही पिल्लू बाहेर आलं नाही. त्या माणसांचा काही दोष नव्हता, त्यांना ठाऊकच नव्हतं. पण वाट तिथून गेली तर असं रोज, दिवसभर होत राहील.

थोडा अभ्यास केला आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर परिसरात पायवाटांचा विणीच्या पक्ष्यांवर होणारा परिणाम तपासला गेला होता. तो निबंध १९९८चा. वाटेजवळ घरटी कमी आढळली, जी होती ती शिकारी प्राण्यांच्या तोंडी जास्त पडली, आणि बहुतेक जातींसाठी वाटेचा प्रभाव सुमारे ७५ मीटरपर्यंत जाणवला. हा आकडा आमच्या आखणीला लावून पाहिला. काँक्रीटखाली जाणारी जमीन फक्त ०.३६ हेक्टर भरते आणि अहवालात तेवढीच धरली आहे. दोन्ही बाजूंचे ७५ मीटर धरले तर सुमारे १८ हेक्टर होतात. वळणांवर पट्टे एकमेकांवर येतील, थोडं कमी भरेल, तरी माळाचा बराचसा भाग त्यात जातो. दुसरा अभ्यास २००७चा, सिडनीजवळचा. कुत्रा घेऊन फिरणाऱ्या माणसांमुळे पक्ष्यांच्या जातींची विविधता ३५ टक्के आणि एकूण संख्या ४१ टक्के घटली, आणि जिथे कुत्री नेहमी येतात तिथले पक्षीही सरावलेले दिसले नाहीत. कुत्र्याविना चालणाऱ्या माणसांचा परिणाम बहुधा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

आता जिथे अडले आहे ते सांगते.

बैठकीत एका अभियंत्यांनी मुद्दा मांडला, की आज लोक वाट्टेल तिथून चालतात, पक्की वाट झाली की सगळे तिच्यावरूनच जातील आणि उरलेलं गवत सुटेल. मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण त्यात तथ्य आहे. ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या माणसाला पक्षी कमी बिचकतात, वाट सोडून आलेल्याला जास्त, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण मग हीच वाट माळाच्या कडेने का नको? आणि बाकीच्या चोरवाटा बंद करण्याचं आराखड्यात काहीच नाही. काँक्रीट झालं की सायकली येणार, दिव्यांमुळे रात्रीही वर्दळ राहणार, जी आज अजिबात नसते. रातवा संध्याकाळनंतरच बाहेर पडतो आणि उबदार रस्त्यावर बसायची त्याला सवय आहे. हे हरकतीत नेमकं कसं मांडावं?

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. माझे वडील व्हीलचेअर वापरतात. 'तुम्हाला अपंगांनी, म्हाताऱ्यांनी यायला नको आहे' असं कुणी म्हटलं की माझी जीभ अडते, कारण मला त्यांना तळं दाखवायचं आहे. बारीक खडीची कच ओली करून रोलरने नीट दाबली तर चाकं चालतात असं वाचलं आहे. वाहनतळाच्या बाजूने कडेकडेने अशी वाट, शेवटी लाकडी फळ्यांचा छोटा पूल आणि तळ्याच्या काठावर आडोशाने पक्षी पाहायला एक लपण, एवढं मागावं असं डोक्यात आहे. कुणी अशी वाट केली आहे का? पावसाळ्यानंतर ती टिकते का? देखभाल किती लागते?

तिसरं, माझ्या नोंदींचं काय करावं? सहा वर्षांच्या वह्या आहेत, त्यातल्या चार वर्षांच्या याद्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवल्या आहेत. पण त्या फिरत फिरत केलेल्या आहेत, ठरावीक जागी उभं राहून मोजलेल्या नाहीत. त्या ग्राह्य धरतील का? घरट्यांच्या जागा नकाशावर दाखवल्या तर हरकत भक्कम होते, पण ते कागद सार्वजनिक होणार. अंडी उचलणाऱ्यांना आणि फोटोसाठी गर्दी करणाऱ्यांना आयता पत्ता मिळेल.

भर, चार दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. घरट्यांऐवजी १०० मीटरच्या चौकटी आखून 'या चौकटीत वीण होते' इतकंच दाखवायचं, ही सूचना लगेच घेतली. ठरावीक दहा जागा निवडून सूर्योदयानंतर प्रत्येकी दहा मिनिटं मोजणीही सुरू केली आहे, पाच जागा आखणीजवळ आणि पाच दूर. वाट झालीच तर आधीच्या-नंतरच्या तुलनेला ती उपयोगी पडेल.

एकांनी इंग्लंडमधल्या थेम्स बेसिन हीथ्स या झुडपी माळरानांचं उदाहरण दिलं, ते फार कामाचं आहे. तिथे रातव्यासारख्या जमिनीवर किंवा जमिनीलगत विणणाऱ्या पक्ष्यांसाठी माळरानापासून ४०० मीटरच्या आत नवी घरं होऊ देत नाहीत, आणि ५ किलोमीटरपर्यंतच्या नव्या घरांमागे लोकांना फिरायला पर्यायी हिरवी जागा उभी करावी लागते. म्हणजे माणसांना नाही म्हणायचं नाही, दुसरीकडे चांगली जागा द्यायची. उद्यानाच्या दक्षिणेला जुनी भरावाची जमीन पडून आहे, तिथे गवत फारसं नाहीच. सायकलींसाठी आणि कुत्र्यांसाठी मी तीच सुचवणार आहे.

मसुदा रविवारपर्यंत इथे टाकते. कडेच्या आखणीचा नकाशा मोजमापासह काढून देणारं कुणी असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. मला फक्त हाताने काढता येतो, आणि बैठकीत तो बाजूला ठेवला गेला.