‘रात्रीस खेळ चाले’: पहिल्या पर्वानंतर दुसरे पाहावे का?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): झी मराठीवर २०१६ साली आलेली ही मालिका मी आत्ता पाहिली आणि पहिल्या पर्वाने मला अक्षरशः वेड लावले. अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर वाड्यातला प्रत्येक जण संशयित वाटू लागतो; पांडूचे ‘इसारलंय’ ऐकले की तो खरोखरच विसरला आहे की काही दडवतो आहे, हेच ठरवता येत नाही. दुसऱ्या पर्वाने ही गोडी उणावेल का?

उत्तर (ऐरोली): २०१९ चे दुसरे पर्व पुढची नव्हे, तर आधीची गोष्ट सांगते, त्यामुळे पहिल्या पर्वात नसूनही घरभर दरारा ठेवणारे अण्णा तिथे माधव अभ्यंकरांच्या अभिनयातून हाडामांसाचे होऊन समोर येतात. ‘कोणी केले’ यापेक्षा ‘हा माणूस असा का’ हा प्रश्न तिथे मोठा होतो. मला तेच पर्व सरस वाटले. मात्र निव्वळ रहस्य हवे असेल, तर पहिल्याला तोड नाही.

उत्तर (वाशी): मी असहमत आहे. पहिल्या पर्वाची खरी ताकद न दाखवण्यात होती. शिवाय आमच्या सासूबाई सावंतवाडीकडच्या असल्याने त्या रहस्यापेक्षा मालवणी हेल ऐकायलाच बसत, आणि कोणाचा हेल कुठे शहरी होतो, हे मोठ्याने सांगत.

प्रश्नकर्ती: आभार. दुसरे पर्व रविवारी सुरू करते. शेवट मात्र कृपया कोणी इथे फोडू नये.