डीएलआरने ग्रिनिच: आईला पुढची सीट हवीय, उतरायचं कुठे?

आई-बाबा लंडनला आलेत. रविवारी बँक स्टेशनहून डीएलआरने (डॉकलँड्स लाइट रेल्वे, इथली शहरी रेल्वे) ग्रिनिचला नेतोय. ड्रायव्हर नसलेली गाडी ऐकल्यापासून आईला अगदी पुढेच बसायचंय. तिचे गुडघे दुखतात. चालणं कमी कुठून?

उत्तर १: कटी सार्क स्टेशनला उतरा, त्याच नावाचं जुनं जहाज जवळच आहे. पण तिथला प्लॅटफॉर्म आखूड. गाडीची टोकं बोगद्यातच राहतात, तिथली दारं उघडत नाहीत. आमचे सासरे काचेला नाक लावून असे बसले होते, की आता हॉर्नच देतील! उठेपर्यंत गाडी सुटली, मग ग्रिनिच स्टेशनहून मागे चालत आलो. त्याआधीच्या मडशूट स्टेशननंतर गाडी जमिनीखाली जाते, पाहायला काही उरत नाही. तेव्हाच काकूंना उठवून मधल्या दाराशी न्या.

उत्तर २: बाबांचे पाय धड असतील तर त्यांना एक स्टेशन आधी, नदीच्या अलीकडे आयलंड गार्डन्सला उतरवा. थेम्सखालून १९०२चा पादचारी बोगदा आहे, थेट जहाजापाशी निघतो.

उत्तर ३: उतरल्यावर यंत्रावर कार्ड टेकवा हं. बऱ्याच स्टेशनांवर फाटकच नसतं. मी दोनदा विसरले, दोन्हीदा जास्तीचे पैसे कापले.

प्रश्नकर्ता: आई म्हणते, मडशूटपर्यंत तरी कुणी उठवायचं नाही.