फॉरेस्ट बाथिंग खरंच उपयोगी पडतं का? दोन मुलांच्या आईला जमेल असं काही सांगा

कोथरूडची_आई
नमस्कार सगळ्यांना. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 चा, मी आठवड्यातले 3 दिवस ऑफिसला जाते आणि 2 दिवस घरून काम. सासूबाई आहेत, खूप मदत करतात, तक्रार काही नाही. पण गेले काही महिने असं झालंय की रात्री सगळे झोपले की मी नुसती बसून राहते, झोप येत नाही, आणि सकाळी पोराने दूध सांडलं की एकदम आवाज चढतो, मग ऑफिसात दिवसभर तेच आठवून वाईट वाटत राहतं. मैत्रिणीने फॉरेस्ट बाथिंगबद्दल सांगितलं, झाडांत जाऊन काहीही न करता राहायचं म्हणे. म्हणून गेल्या रविवारी वेताळ टेकडीवर गेले. नाही जमलं. 10 मिनिटांत शाळेच्या ग्रुपवर मेसेज, उद्या क्राफ्टसाठी ब्राऊन पेपर आणि आइस्क्रीमच्या काड्या पाठवा, आणि तिथून जे डोकं सुरू झालं ते दुकान उघडं असेल का, मटकी भिजत घातली का, गॅस बुक करायचाय... भरभर चालून पाऊण तासात घरी. चालणं झालं, बाकी काही नाही.
यात खरंच काही आहे की नुसतं फॅड? आणि ज्यांना लहान मुलं आहेत त्या हे करतात कसं, किती वेळ? रिसॉर्टवर वगैरे जाणं आत्ता शक्य नाही.

नागोयाहून
फॅड नाही ताई. मी 11 वर्षं इथे जपानमध्ये आहे. फॉरेस्ट बाथिंगला इथे शिनरिन-योकू म्हणतात, हा शब्द 1982 मध्ये जपानच्या वनखात्याने काढला, पहिला कार्यक्रम नागानोतल्या आकासावाच्या जंगलात झाला, तिथे हिनोकीची 300 वर्षांची झाडं आहेत. मुलगा 2 वर्षांचा असताना मी तिकडे गेले होते, हिनोकीचा तो वास अजून नाकात आहे. झाडं कीड आणि बुरशीपासून वाचायला हवेत काही द्रव्यं सोडतात, त्यांना फायटोनसाइड म्हणतात, तो वास त्यातलाच.
इथले संशोधक डॉ. चिंग ली यांनी 13 नर्सेसना 3 दिवस 2 रात्री जंगलात नेलं होतं, तर रोगाशी लढणाऱ्या एनके पेशी जास्त कामाला लागल्या आणि 7 दिवसांनी रक्त तपासलं तरी फरक टिकून होता. आता 13 जणी म्हणजे प्रयोग लहानच, त्यावरून फार मोठं काही बोलू नये. पण दुसरा मोठा आहे, 24 जंगलांत केलेला, तीच माणसं एक दिवस जंगलात आणि एक दिवस शहरात, जेमतेम पंधरा-पंधरा मिनिटं बघणं आणि चालणं, तेवढ्यातही जंगलात ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल कमी आणि नाडी शांत. शिवाय 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जवळजवळ 20 हजार लोकांची पाहणी आली, त्यात आठवड्याला 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मन दोन्ही बरं असल्याचं दिसलं, आणि ती 120 मिनिटं एकदम घेतली की तुकड्या-तुकड्यांनी याने फरक पडत नव्हता. आयांसाठी मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रोज 20 मिनिटं धरली तरी आठवड्यात होऊन जातात.
पण रात्रीची झोप खूप दिवस जात असेल तर डॉक्टरांनाही दाखवा हं, त्यात लाजू नका.

टेकडीवाली
अगं तू गेलीस हेच खूप झालं! मी 6 वर्षं त्याच टेकडीवर जाते. तुझी चूक फक्त एकच, फोन. मी फोन गाडीच्या डिकीत ठेवते आणि घरी सांगून जाते की 8 पर्यंत मी मिळणार नाही. पहिल्या 2-3 वेळा हात सारखा खिशाकडे जातो, मग सुटतं ते.
आणि चालायला गेल्यासारखी जाऊ नकोस. एक जागा धर आणि दर वेळी तिथेच जा. खाली गिरिपुष्पाची दाटी आहे तिथे नको, जरा वर सालईची झाडं आहेत तिथे बस. सालईची साल पातळ कागदासारखी सुटते, उन्हात धरलीस तर पलीकडचा उजेड दिसतो, आणि खोडावर डिंक आला असेल तर बोट लावून वास घे, धुपासारखा येतो. मी एकदा त्या डिंकाच्या थेंबाभोवती फिरणारी एक मुंगी बघत बसले, किती वेळ गेला कळलंच नाही. नाचण पक्षी असतो तिथे, शेपटीचा पंखा उघडून या फांदीवरून त्या फांदीवर, त्याच्यामागे नजर फिरवत राहिलं की मटकी आपोआप विसरते. आलेच डोक्यात विचार तर येऊ देत, त्यांना हाकलत बसलं की दमायला होतं.
पावसाळ्यानंतर गवतात गोचिड असतात, पँट मोज्यात खोच आणि घरी आलीस की पोटऱ्या, गुडघ्यांमागे बघ. अंधार पडता पडता थांबू नकोस, आणि एकटी वाटत असेल तर मैत्रिणीला ने, फक्त आधी ठरवा की बोलायचं नाही. आम्ही दोघी 15-20 पावलं अंतर ठेवून बसतो, परत येताना काय गप्पा मारायच्या त्या मारतो.

बोरिवली_पूर्व
मुंबईत असाल तर नॅशनल पार्क, पण सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. बिबटे आहेत, तेव्हा मुख्य रस्ता सोडून आत घुसायचं नाही आणि मुलं सोबत असतील तर हात सोडायचा नाही. मी मुलीला घेऊन जाते, ती पानं गोळा करते आणि मी बसते. एकटीने बसण्याइतकं होत नाही ते, पण अगदीच काही नाही त्यापेक्षा खूप बरं.

कुडाळची_सून
मला जरा वेगळं लिहायचंय. माझ्या आईसाठी रान म्हणजे मोळी. डोक्यावर लाकडं, पायांत काटे, मे महिन्यात करवंदं, पावसात अळंबी, सगळं काम. तिला कोणी सांगितलं असतं की रानात नुसतं जाऊन बस, तर ती म्हणाली असती भाकऱ्या कोण भाजणार. पण मी लहानपणी तिच्याबरोबर जायचे तेव्हा परतताना व्हाळाजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, सगळ्या बायका मोळ्या उतरवायच्या, पाय पाण्यात सोडून बसायच्या. कोणी बोलायचं नाही. घरी सतत कामाला जुंपलेली माझी आई तिथे डोळे मिटून बसायची, आणि मी हाक मारली तर "गप रव गो जरा" म्हणायची. तिचा तो चेहरा मी घरात कधी बघितला नाही. तिच्या दिवसातली तेवढीच वेळ तिची होती हे मला स्वतःला मुलं झाल्यावर कळलं.
म्हणून ताई, झाडं तर हवीतच, पण ती वेळ कोणीतरी तुमच्या हातातून काढून घेतल्याशिवाय मिळणार नाही. मोळी उतरवायला दुसऱ्याचा हात लागतोच. नवऱ्याला स्पष्ट सांगा, शनिवारची सकाळ मुलं तुझी, डबा-नाश्त्यासकट. "मदत कर" असं म्हणू नका, त्याने काम आपल्याकडेच राहतं.
आणि कोणी देवराईत जाणार असेल तर आधी गावात विचारा. काही राईंत बायकांना आत जाऊ देत नाहीत, मला ते पटत नाही पण वाद घालून शांत बसता येत नाही. चपला बाहेर काढायच्या आणि सुकं पानसुद्धा उचलून आणायचं नाही.

कोथरूडची_आई
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. कुडाळच्या ताई, तुमचं वाचून रडले मी, आणि ते तसंच नवऱ्याला वाचायला दिलं. तो काही बोलला नाही, पण शुक्रवारी रात्री स्वतःच विचारलं, पोहे किती भिजवायचे.
आज फोन डिकीत ठेवून गेले. सालई सापडली! पहिली 15 मिनिटं फार अवघड गेली, सारखं वाटत होतं की धाकटा रडत असेल. मग खाणीच्या बाजूने मोर ओरडला आणि त्यानंतर जरा थांबलं डोकं. डिंकाचा वास अजून बोटाला आहे, साबण लावूनही. घरी आले तर ओट्यावर पोहे सांडलेले, पोराचा शर्ट उलटा, पण तो हसत होता आणि मी पण.
टेकडीवाली, पुढच्या शनिवारी 6:30 ला तुझ्याबरोबर आले तर चालेल का? बोलणार नाही, वचन.