ऑइल कूलरवर पंखा कसा बसवावा? (जिप्सी, १३ रो)

रानगवा
गाडी जिप्सी, १३०० सीसी. ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या पुढे १३ रोचा (थरांचा) स्टॅक प्लेट ऑइल कूलर आहे, जाळी २३५ × १०० मिमी. हायवेला ऑइल ९५-१०० अंशांवर गप्प बसतं. मे महिन्यात लो रेंजला (फोर बाय फोरचा हळू, जोरकस गिअर) पहिल्या गिअरमध्ये चढ लागला की १२५ च्या पुढे. वेग नाही म्हणजे हवा नाही, म्हणून पंखा. साडेसात इंची स्लिम, ८० वॅटचा घेऊन ठेवलाय. आता बसवायचा कसा? जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिक टाय, पट्टीचं ब्रॅकेट की पंख्याची हवा जाळीवर नेणारा पत्र्याचा डबा? मागून ओढणारा (पुलर) की पुढून ढकलणारा (पुशर)? ब्रॅकेट आणि वायरिंग मिळून २००० च्या आत.

स्पॅनर_१२
टाय अजिबात नको. पंखा थरथरतो, टायमध्ये धूळ बसते आणि त्याची कानस होते. आधी फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) खाल्ल्या जातात, मग प्लेट. २० × ३ मिमीची अ‍ॅल्युमिनियम पट्टी घ्या, एम६ बोल्ट, नायलॉक नट, मध्ये रबर बुश. झालं काम.

गिअरबाबा
पंखा परत करा. इटालियन स्पाल घ्या, सीलबंद मोटर. आमच्याकडे दोन आहेत, आवाज ऐकूनच कळतं माल काय आहे ते.

रानगवा
बाबा, पंखा घेऊन झालाय. २००० फक्त बसवायचे आहेत.

खडखड
टायचा उगाच बाऊ करताय. माझ्या रेडिएटरवर चार वर्षं टायनेच लटकलाय, ढिम्म हललेला नाही.

स्पॅनर_१२
@खडखड, रेडिएटरच्या झाकणाचा दाब ०.९ बारच्या आसपास. थंड इंजिन चालू केलं की ऑइल लाइनमध्ये ४-५ बार सहज. रेडिएटर पाझरला तर काटा वर जाताना दिसतो, बाजूला थांबायला वेळ मिळतो. ऑइल कूलर फुटला तर चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) बघता बघता रिकामा, आणि लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं काम तमाम.

लो_रेंज
मूळ घोळ कुणी पाहिलाच नाही. साडेसात इंच म्हणजे १९० मिमी. जाळी १०० मिमी उंच. वर-खाली ४५-४५ मिमी पंखा मोकळ्या हवेत. नुसत्या ब्रॅकेटवर टांगला तर जवळपास अर्धी हवा कूलरला न लागताच जाईल. त्यामुळे डबा हवाच. पण स्लिम पंख्याला दाब धरता येत नाही, वाट अरुंद केली की तो नुसता घोंघावतो. त्यापेक्षा ११०-१२० मिमी पात्याचे दोन छोटे पंखे शेजारी शेजारी लावा, जाळीला जवळपास बसतात. बाइकच्या रेडिएटरचे (एनएस २०० वगैरे) चालतील, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने मिळतात. पातं आणि खोली मोजूनच घ्या.

एमएच_१२_वाला
पंखा सोडा, ऑइल कुठलं आहे ते सांगा आधी. २०डब्ल्यू५० टाका, काटा शांत होईल.

लो_रेंज
घट्ट ऑइल घातलं तर घर्षण वाढून उलट जास्तच तापेल. १२५ ला ते पातळ पडत नाही हे खरं, पण उष्णता बाहेर नेणं हा वेगळा प्रश्न आहे.

एमएच_१२_वाला
आमच्या गाडीला फरक पडलाय. बाकी तुमचं पुस्तकी चालू द्या.

तारतंत्री
कुणी वायरिंगबद्दल बोललंच नाही, म्हणून लिहितो. ८० वॅट म्हणजे साधारण ७ अँपिअर, सुरू होताना क्षणभर दोन-तीन पट. २.५ चौरस मिमीची वायर, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या जवळ, चार पिनी रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). पिन ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला पंखा, ८६ ला इग्निशन, ८५ थर्मोस्विचमधून (ठरलेल्या तापमानाला चालू होणारा स्विच) अर्थ. स्विच कूलरकडे जाणाऱ्या गरम लाइनवर घ्या. परतीच्या लाइनवर लावलात तर पंखा ऑइल गार करणार, स्विच बंद होणार, परत चालू, रिले दिवसभर टकटकत राहणार. ९५ ला चालू, ८५ ला बंद असा घ्या. सँडविच प्लेटचा (इंजिन आणि ऑइल फिल्टरच्या मध्ये बसते ती) थर्मोस्टॅट ८० च्या आसपास उघडतो, त्याच आकड्याचा स्विच घेतलात तर पंखा कधी थांबायचाच नाही.
आणि डॅशबोर्डवर बंद करायचं बटण हवंच. ओढ्यात उतरताना पंखा फिरत असेल तर पाण्याच्या दाबाने पाती वाकून जाळीत घुसतात.

नवशिक्या_चालक
+१, टाय नको. पट्टी लावा.

लो_रेंज
ब्रॅकेटबद्दल एक. पंख्याचं वजन कूलरच्या कानांवर (बोल्ट लावायच्या पट्ट्या) किंवा होज फिटिंगवर देऊ नका. कान पातळ असतात, मुळाशी चिरतात. पंखा आणि डबा बॉडीच्या आडव्या पट्टीवर, कूलर आपल्या रबरवर वेगळा. दोघांत ५ मिमी फट ठेवून दाराची रबर बीडिंग किंवा फोम चिकटवा. डबा १.५ मिमी पत्र्याचा. पात्यापासून जाळीपर्यंत २५ मिमी तरी जागा सोडा, नाहीतर हवा कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. शक्यतो पुलर.

गिअरबाबा
पुलरच. पुशर म्हणजे जाळीसमोर भिंत.

खडखड
पुलरला +१. हे मी आधीच म्हणणार होतो.

रानगवा
आज मोजलं. कूलर आणि रेडिएटरमध्ये जागा ४० मिमी. पंख्याची जाडी ५५. पुलरचा विषय संपला. ग्रिलमागे ९० आहे, म्हणजे पंखा ५५, डबा ३०, फट ५, काठोकाठ. तर पुशर, हाच साडेसात इंची, डबा घालून. वजन बॉडीवर, कूलर मोकळा. थर्मोस्विच नाही, फक्त बटण आणि शेजारी लाल दिवा. काटा डोळ्यासमोरच असतो.

तारतंत्री
थर्मोस्विच नाही?! मग मी एवढं टंकलं कशासाठी? निदान रिले तरी ठेवा, डॅशच्या बटणातून ७ अँपिअर थेट नेऊ नका, संपर्क जळतात.

लो_रेंज
पंखा तोच? ठीक, जाळी तुमची. मग हायवेचं बघा. डब्यामुळे समोरची सगळी हवा पंख्याच्या तोंडातूनच शिरेल आणि ८० च्या वेगाला ऑइल आत्तापेक्षा जास्त तापेल. डब्याच्या समोरच्या पत्र्याला दोन खिडक्या कापा, आतून सायकल ट्यूबचे पडदे, फक्त वरची कड रिव्हेट करा. समोरची हवा पडदा आत ढकलते. पंखा चालू झाला की आतल्या दाबाने तोच पडदा खिडकीवर दाबून बसतो.
आणि पंखा पुलर म्हणून आला असेल तर नुसत्या वायरी उलट्या जोडू नका. फिरेल, पण पात्याचा बाक उलटा पडतो आणि हवा निम्म्यावर येते. वायरींबरोबर पातंही काढून पालटा. मग कागदाचा कपटा जाळीच्या मागे धरा, तो रेडिएटरकडे उडाला पाहिजे.

रानगवा
पाहिलं, पुलरच निघाला. पातं सर्क्लिपवर (काढता येणारी स्प्रिंगची कडी) आहे, पालटता येईल. ट्यूबची आयडिया घेतली. रिले लावतो, तारतंत्री.

गिअरबाबा
स्पाल पुशरमध्येपण मिळतो.